‘मॅडम, लेकरं खेळायलेत का शिकायलेत?’

पत्र :

सर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात एका दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, दोन्ही मिळून ३१ लेकरं. हातच्याची बेरीज वजाबाकी करतात, पाढे म्हणतात. पण मागच्या महिन्यात सहज विचारलं की आपलं मैदान किती लांब असेल, तर एकजण म्हणाला दोन मीटर, दुसरा म्हणाला दहा किलोमीटर, आणि बाकीच्यांना दोन्ही उत्तरं पटली. म्हणून गणित बाहेर घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी अर्धी लेकरं हापशाकडं पळाली. दुसऱ्या दिवशी एक पालक गेटापाशी गाडी थांबवून म्हणाले, मॅडम, लेकरं खेळायलेत का शिकायलेत? हेडसरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, वर्गातच घ्या, उगं बोलणं नको. साहित्य म्हणाल तर एक टेप आहे, तोही सुरुवातीला तुटलेला, १५ सेंटिमीटरपासून सुरू होतो. उन्हाचं तर तुम्हाला माहीतच आहे. बाहेर घेऊ का सोडून देऊ?

उत्तर :

ताई, सोडू नका. बाकीचं सगळं नंतर सांगतो, आधी हे सांगून टाकलं कारण तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मी वाचायचा थांबलोच, ‘बाकीच्यांना दोन्ही उत्तरं पटली’. दोन मीटर पण चालतंय आणि दहा किलोमीटर पण चालतंय. ह्यात लेकरं कच्ची आहेत असं काही नाही, हातच्याची वजाबाकी येते म्हणून तुम्हीच लिहिलंय. मीटर हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचलाय फक्त, अंगाला कधी लागलेला नाही. मी एकदा तिसरीच्या वर्गात विचारलं होतं, मीटर म्हणजे काय रे, तर एक पोरगी पटकन म्हणाली, सर, लाईटचं. आणि तिचं काय चुकलं सांगा, गावात मीटर म्हटलं की लाईटचंच मीटर, दुसरं कोणतं मीटर तिच्या घरात कोणी बोलतच नाही, घरात फूट बोलतात, हात बोलतात, गुंठा बोलतात. असा शब्द फळ्यावर कितीही वेळा लिहा, तो खडूचाच राहतो.

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त तिसरी चौथीला, आणि बाहेरचं गणित माझंही पहिल्यांदा असंच फसलं होतं, म्हणून सांगतो. ‘चला, आज गणित बाहेर घेऊ’ एवढं म्हटलं की लेकराला ऐकू येतं ‘सुट्टी’. मग ते हापशाकडं पळणारच. बाहेर जाताना एक प्रश्न घेऊन जायचा, एकच, दहा नाही, आणि तो असा पाहिजे की त्याचं उत्तर आकडा आहे आणि मोजल्याशिवाय तो कोणालाच माहीत नाही, तुम्हालासुद्धा माहीत नाही. तुम्हाला आधीच माहीत असलं की लेकरं मोजायचं सोडून तुमच्या तोंडाकडं बघतात. आणि हापशाकडं पळतात ना, मग हापसाच घ्या की प्रश्नात. वर्गाच्या उंबऱ्यापासून हापशापर्यंत किती मीटर?

आता ह्याच्यात एक गोष्ट अशी आहे की ती केली तर सगळं जमतं आणि ती सोडली तर खरंच नुसतं खेळणं होतं. अंदाज आधी लिहायचा. मोजायच्या आधी, प्रत्येकानं, आपल्या वहीत, पेनानं, खोडायचं नाही. अंदाज लिहिल्याशिवाय हातात मोजायला काही मिळणार नाही हा नियम करून टाका. नुसतं मोजायला लावलं तर ते मजुरीसारखं होतं हो, सांगितलं म्हणून मोजलं. पण ज्यानं वहीत ८० लिहिलंय त्याचा जीव आता त्या ८० मध्ये अडकलाय, तो डोळ्यात तेल घालून मोजणार, शेजारच्यानं एक जास्त धरला तर भांडणार, आणि उत्तर ३४ निघालं की पुढच्या वेळी आपोआप विचार करणार. दहा-बारा वेळा असं झालं की दहा किलोमीटर म्हणणारं लेकरू तुम्हाला सापडणार नाही, आणि कोणी म्हणालंच तर बाकीच्यांना ते पटणार नाही, आपल्याला तेच पाहिजे.

साहित्याचं म्हणाल तर तुरी निघाल्या की बांधावर तुराट्या पडलेल्या असतातच. सरळ बघून आठ तुराट्या आणायच्या, बरोबर एक मीटरच्या तोडायच्या, दर १० सेंटिमीटरला गेरूची नाहीतर नेलपॉलिशची खूण, टोकं दगडावर घासून गुळगुळीत, म्हणजे डोळ्याबिळ्याला लागायला नको. झाली मीटरपट्टी, चार लेकरांत एक. पहिल्या दिवशी काहीच मोजायचं नाही, ती तुराटी फक्त आपल्या अंगाला लावून बघायची, कुठपर्यंत येते. तिसरीच्या लेकराला साधारण खांद्याच्या आसपास येते. मग ते लेकरू घरी जाऊन सांगतं, आई, मीटर एवढं असतं, आणि खांद्याला हात लावून दाखवतं. हे लाईटच्या मीटरपेक्षा वेगळं मीटर झालं बघा, आणि आता ते कुठं हरवत नाही. मग पुढं एखाद्या दिवशी पावलं, दहा मीटर आखून द्यायचे आणि नेहमीच्या चालीनं चालायला लावायचं, कोणाची सतरा पावलं होतात कोणाची वीस, जी होतात ती वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची. मग घर ते शाळा, शाळा ते मारुतीचं देऊळ, पावलं मोजून गुणाकार भागाकार करून मीटर काढता येतात, साहित्य लागत नाही, पाय पुरतात.

आता एक प्रसंग सांगतो, माझ्यासमोर झालेला, चौथीच्या वर्गात. वऱ्हांड्याचा ओटा किती लांब एवढाच प्रश्न होता. एका गटाचं उत्तर आलं १४ तुराट्या, दुसऱ्याचं १६. ओटा एकच, तुराट्या सारख्याच. मी म्हणणार होतो परत मोजा, पण थांबलो, कारण भांडण सुरू झालं होतं आणि ते चांगलं भांडण होतं. एक म्हणतोय तुम्ही घाई केली, दुसरा म्हणतोय तुमची तुराटीच आखूड आहे, मग तुराट्या एकावर एक ठेवून बघितल्या, सारख्या निघाल्या. मग दोन्ही गटांनी एकमेकांसमोर मोजून दाखवायचं ठरलं. तेव्हा एका पोरीच्या लक्षात आलं, एरवी तोंड उघडत नव्हती ती वर्गात, ती म्हणाली, सर हे बघा, हा तुराटी उचलतो आणि थोडं पुढं टाकतो, मधली फरशी मोजतच नाही. आणि दुसऱ्या गटाचा पोरगा उलटा, तो मागच्या टोकावर चढवून ठेवत होता. तिनं माझ्या हातातला खडू घेतला, जिथं तुराटी संपते तिथं बारीक रेघ मारली आणि पुढची तुराटी बरोबर त्या रेघेला टेकवली. दोन्ही गटांनी तसं मोजलं, १५ आले आणि वर थोडंसं उरलं. आता ‘थोडंसं’ म्हणजे किती? तोपर्यंत सेंटिमीटर हे एक धड्याचं नाव होतं, त्या दिवशी पहिल्यांदा वर्गाला सेंटिमीटरची गरज पडली. मी त्यानंतर तो धडा शिकवला तेव्हा दहा मिनिटं पण लागली नाहीत.

म्हणून म्हणतो उत्तरं वेगवेगळी आली की घाबरू नका, लगेच खरं उत्तर सांगून टाकू नका, जेवढा धीर धरवेल तेवढा धरा.

आणि तो तुटलेला टेप अजिबात फेकू नका, नवीन मागू पण नका इतक्यात. बाक मोजायला द्या. टेपवर ७५ दिसेल, सगळे लिहितील ७५. मग तोच बाक तुराटीनं मोजायला लावा, ६० येतील. कोण खोटं बोलतंय, टेप का तुराटी? तिसरी चौथीची बहुतेक लेकरं पट्टीवर फक्त शेवटचा आकडा वाचतात, सुरुवात शून्यावर आहे का ते बघतच नाहीत, चांगल्या टेपवर ही चूक तुम्हाला कधी कळणारच नाही कारण उत्तर बरोबरच येतं. तुमच्या टेपनं ती उघडी पडते. ७५ मधून १५ वजा, ही वजाबाकी कोणी सांगितली म्हणून नाही तर लागली म्हणून केली, ह्याच्यात फार फरक आहे ताई.

आता तुमच्या त्या पालकांचं. मला त्यांचा राग येत नाही, तुम्ही पण धरू नका. दिवसभर रानात राबणारा माणूस, लेकरू शाळेत गेलंय एवढ्यावर त्याचा भरोसा असतो, आणि त्याच्या डोक्यात शाळा म्हणजे मांडी घालून बसलेली लेकरं, कारण त्याची शाळा तशीच होती. त्याला समजावून सांगायला जाऊ नका, त्याला कामाला लावा. कसं ते सांगतो.

मैदानावर एक गुंठा आखा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतं पण लेकरानं गुंठा कधी डोळ्यानं पाहिलेला नसतो, कारण रानात बांध असतो, गुंठ्याची रेघ नसते. सुतळी, चार खुंट्या आणि फक्की एवढं पुरतं. आदल्या दिवशी गृहपाठ द्यायचा, घरी विचारून या, आपलं रान किती, आणि गुंठा म्हणजे केवढा, इथून कुठपर्यंत, मैदानावर दाखवता येईल का. आणि निरोप द्या, उद्या सकाळी गुंठा आखणार आहोत, ज्यांना येणं होईल त्यांनी या. दोन-चार जण येतातच, गुंठ्याचं नाव काढलं की माणूस थांबतो. मग टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्या. कोपरा काटकोनात कसा आणायचा हे गावातल्या गवंड्याला विचारा, तो तीन फूट, चार फूट आणि तिरकं पाच फूट धरून गुण्यात आणून दाखवतो, लेकरं बघत राहतात. चौथीच्या पुस्तकात हे नाही आणि सिद्ध करायची पण गरज नाही, बघितलं एवढं बास, वरच्या वर्गात भेटेल तेव्हा ओळखीचं निघेल.

गुंठा आखून झाला की सगळी ३१ लेकरं त्याच्यात उभी करा. मग विचारा, असं अख्खं मैदान किती गुंठे? अंदाज आधी, तोच नियम. आणि हुशार लेकरांसाठी पुढचं, सातबाऱ्यावर एकर नसतं, हेक्टर आणि आर असतं. १० मीटर बाय १० मीटर म्हणजे एक आर, असे १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. आर आणि गुंठा शेजारी शेजारी आखले तर जवळपास सारखेच दिसतात, गुंठा फक्त बोटभर मोठा, बाजू १० मीटर आणि वर ६ सेंटिमीटर. त्या दिवशी घरी जाऊन लेकरू सातबारा काढायला लावतं आणि बापाला विचारतं ह्यातलं हे कोणतं, आणि बाप सांगतो. हा बाप परत गेटापाशी गाडी थांबवून तुम्हाला तो प्रश्न विचारणार नाही. विचारलाच तर त्याचं उत्तर त्याचंच लेकरू देईल.

पाण्याचं गणित मात्र आपल्या भागात घेतलंच पाहिजे, हे मी हट्टानं सांगतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. एवढं एक वाक्य. फरशीवर एक मीटरचा चौकोन आखा, कडेनं चिखलाचा नाहीतर कणकेचा बारीक बांध घाला आणि एक लिटर पाणी ओता, सगळीकडं सारखं पसरलं तर नखाएवढा थर पण होत नाही, तोच एक मिलिमीटर. फरशी अगदी सपाट नसते, पाणी एका बाजूला जातं, जाऊ द्या, का जातं ते पण बोला. मग शाळेचे पत्रे मोजा, म्हणजे वर चढायचं नाही हं, खाली वळचणीच्या रेघेनं मोजायचं. समजा १२ मीटर बाय ६ मीटर, ७२ चौरस मीटर. एका दिवशी २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ७२ गुणिले २५, १८०० लिटर. १५ लिटरची घागर धरली तर १२० घागरी. एका दिवसाच्या पावसात, एका पत्र्यावरून, आणि आपण ते नालीत सोडतो. ज्या लेकरानं आईबरोबर टँकरच्या रांगेत घागर धरलीय त्याला ह्या भागाकारात चूक करणं परवडत नाही, ते परत परत तपासतं.

पाऊस मोजायला विकतचं काही नको, वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, उघड्यावर विटांत पक्का बसवायचा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळेला पट्टी घालून मिलिमीटर वाचायचे. झाडाखाली नाही, भिंतीजवळ नाही. आकडा वऱ्हांड्यातल्या फळ्यावर लिहायचा, गावातली माणसं येऊन वाचतात, खरंच वाचतात, कारण ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात हे सगळ्यांना माहिती असतं आणि आपल्या महसूल मंडळात किती झाला ह्याच्यावर चावडीवर रोज चर्चा चाललेली असते. शाळेच्या डब्याचा आकडा सरकारी धरत नाहीत हे लेकरांना सांगून ठेवा, पण मोजायची शिस्त तीच.

चौथीला मोठ्या संख्या शिकवताना मी २०१६ चं उदाहरण घ्यायचो. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, एकेकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पाचावर पाच शून्यं फळ्यावर लिहिली की लेकरांना ती नुसती शून्यं वाटतात. मग विचारायचं, हेच पाणी पावसानं आणायचं तर किती रान लागेल? १० मिलिमीटरचा एक पाऊस धरा. एका चौरस मीटरवर १० लिटर, म्हणजे ५० हजार चौरस मीटर, पाच हेक्टर, बारा साडेबारा एकर. एवढ्या रानावर एक साधा १० मिलिमीटरचा पाऊस पडला म्हणजे त्या अख्ख्या गाडीएवढं पाणी पडलं. पहिल्यांदा हे गणित सुटलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता. एक पोरगा म्हणाला, सर, आमचं रान तर सहा एकर आहे, मग अर्धी गाडी आमचीच की. जवळपास बरोबर.

तिसरीसाठी एक वेगळं. कुंपणाच्या भिंतीलगत जमिनीवर शून्य ते शंभर संख्यारेषा आखा, खूण-खूण २५ सेंटिमीटरवर, २५ मीटर लागतील, नाही बसली तर पन्नासपर्यंत. आपल्या मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतात, म्हणून लेकरं १२ आणि २१ ची अदलाबदल करतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण लेकराची अडचण खरीच होती आणि अजून आहे. जमिनीवर ती सुटते. ‘एकवीस’ म्हटलं की आधी विसावर जाऊन उभं राहायचं, मग एक पाऊल पुढं. आणि सगळ्यात गोड म्हणजे एकोण. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, हे आपण सांगतो, पण तिसावर उभं राहून एक पाऊल मागं टाकलं की लेकरू स्वतःच ओरडतं, अरे हे तर तीसच्या मागचं! मग एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळी धडाधड येतात, आणि शेवटी कोणीतरी नव्याण्णवला ‘एकोणशंभर’ म्हणतंच. म्हणू द्या. चूक नाही ती, नियम कळल्याची खूण आहे, मग नव्याण्णव हा शब्द सांगायचा.

सावलीनं झाडाची उंची पण काढता येते. तुराटी उभी धरायची, तिची सावली आणि लिंबाच्या झाडाची सावली एकाच वेळी मोजायची, तुराटीची सावली अर्धा मीटर असेल आणि झाडाची चार, तर झाड आठ मीटर. डिसेंबरात आपल्याकडं सव्वाअकराच्या आसपास सावली आणि उंची जवळपास सारखीच होते, तेव्हा हिशेब पण लागत नाही. खिचडीचं तर रोजचंच आहे, पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, आज किती जण आले तेवढा हिशेब एका गटानं करून स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचा. ३१ आले तर ३ किलो १०० ग्रॅम तांदूळ, ६२० ग्रॅम डाळ. पाच मिनिटांचं काम आहे, पण रोज होतं.

उन्हाचं. जानेवारी फेब्रुवारीत परिपाठ झाला की लगेच, सकाळची शाळा लागली की नऊच्या आत, त्यानंतर बाहेर नेऊ नका, वऱ्हांडा आहे, झाडाची सावली आहे. वीस मिनिटं पुरे, त्याच्या वर लेकरांचं लक्ष राहत नाही. दगड उचलायचे नाहीत, खाली विंचू असतो. फक्कीची एक रेघ मारून ठेवा, ह्याच्या पलीकडं जायचं नाही, आणि शिट्टी झाली की आहे तिथून परत. चौघांचा गट, एक तुराटी धरणारा, एक खूण करणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, आणि दर वेळी कामं बदलायची. हे बदलायचं मी जोर देऊन सांगतोय कारण आपण लक्ष नाही दिलं तर टेप कायम पोराच्या हातात जातो आणि वही पोरीच्या. माझ्याकडं पण वर्षानुवर्षं तसंच चालू होतं आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, अक्षर चांगलं म्हणून पोरी लिहायच्या, मोजायला त्यांना मिळायचंच नाही. ओट्यावरची ती पोरगी त्या दिवशी बोलली कारण मोजायची पाळी तिची होती.

आत आल्यावर पंधरा मिनिटं राखून ठेवा, हे फार महत्त्वाचं. बाहेर जे झालं त्याचं वहीत चित्र, चित्रावर आकडे, आकड्यांचं गणित, आणि माझा अंदाज किती, खरं किती, फरक किती. हे त्याच दिवशी झालं पाहिजे, दुसऱ्या दिवशी ढकललं की ते गेलं. आणि सगळं गणित बाहेर होत नाही हे पण सांगतो, पाढे बसूनच पाठ करावे लागतात, भागाकाराची मांडणी फळ्यावरच शिकवावी लागते, घोटून घ्यावंच लागतं. आठवड्यात दोन दिवस बाहेर, बाकी आत. तेवढ्यानं आतलं गणित पण हलकं होतं.

हेडसरांशी वाद घालू नका. दोन शिक्षकांची शाळा, पहिली दुसरी तेच सांभाळत असतील, तुमचा आवाज त्यांच्या वर्गात जातो, त्यांची अडचण पण खरी आहे. आधी जाऊन सांगा, सर, मंगळवार आणि शुक्रवार, वीस मिनिटं, प्रश्न हा आहे आणि लेकरं हे लिहून आणणार. मग तीन आठवड्यांनी पाच वह्या त्यांच्या टेबलावर ठेवा, त्यात अंदाज आणि खरं उत्तर जवळ जवळ येताना दिसेल, ते त्यांना कळेल. २०२१ पासून निपुण भारत, लहान वर्गांचं वाचन आणि गणित पक्कं करायची सरकारी मोहीम, चालू आहे, त्यात मापन आहेच, तेव्हा अभ्यासक्रमाच्या बाहेरचं काही तुम्ही करत नाही आहात. आणि जमलं तर तो गुंठा आखायच्या दिवशी फक्कीचं भांडं त्यांच्याच हातात द्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत दोन मोठी लेकरं बरोबर घेऊन तुराट्या आणून ठेवा. मंगळवारी तुराटी अंगाला लावून बघायची, शुक्रवारी पहिला प्रश्न, उंबऱ्यापासून हापशापर्यंत किती मीटर. तुमचा पण अंदाज लेकरांसमोर फळ्यावर लिहा, पुसू नका, आणि तो किती चुकला ते मला कळवा.